आम्ही केस नाही : प्रा. मा. स. गोरे यांची आठवण काढताना

(गोवंडीतल्या एका विहारात भरलेल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे तोंडात आलं ते बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



अभ्यासवर्गाच्या पोरांनी मला हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. म्हटलं, प्राध्यापकांचे गोडवे गायला दुसरी माणसं आहेत. त्यांना हॉल मिळतो, माईक मिळतो, शाल मिळते. आपण कशाला ते काम अंगावर घ्यायचं? त्यावर त्यातल्याच एका पोराने मला उलट विचारलं, 'दादा, मला एम.एस.डब्ल्यू.ला ॲडमिशन घ्यायचीय. घरचे म्हणतात घे, नोकरी लागेल. चळवळीतले म्हणतात गेलास की संपलास, एनजीओवाला होशील. मग मी करू काय?'

त्या प्रश्नाने मला गप्प केलं. कारण तीस वर्षांपूर्वी तोच प्रश्न मी विचारला होता आणि मला कुणी धड उत्तर दिलं नव्हतं. म्हणून आलो. आज मी गोरे सरांबद्दल बोलणार, पण उत्तर त्या पोराला देणार. तो मागे भिंतीला टेकून बसलाय. त्याचं नाव सांगत नाही.

माधव सदाशिव गोरे. हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन. बरं. इथून बस पकडली तर देवनार डेपोजवळ टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, ज्याला आपण 'टिस' म्हणतो. या संस्थेचे १९६२ ते १९८२ अशी सलग वीस वर्षं गोरे संचालक होते. त्याआधी दिल्लीच्या स्कूल ऑफ सोशल वर्कचे प्राचार्य. नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली, ज्या कोलंबियात बाबासाहेब १९१३ साली गेले होते. या देशात सोशल वर्क हा विषय विद्यापीठात कसा शिकवायचा, हे ज्या चारदोन माणसांनी ठरवलं त्यातले हे एक. माणूस आपल्या जातीतला नाही, आपल्या वस्तीतला नाही, आपल्या मोर्च्यातला तर नाहीच नाही. आज ते हयात नाहीत.

मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. त्यांच्यासमोर कधी बसलो नाही. पण त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी घडवलेला सोशल वर्क माझ्या घरात मी शिकायच्या आधीच येऊन गेला होता. तो कसा आला ते सांगतो.

माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आला. मुंबईत त्याला काम मिळालं ते गटारात उतरायचं. कमरेला दोर, हातात बादली, अंगावर लंगोट. झाकण उघडून वास जरा जाऊ द्यायचा आणि मग खाली. दारू प्यायल्याशिवाय त्याला उतरता यायचं नाही, आणि वर आल्यावर प्यायल्याशिवाय जेवता यायचं नाही. माय डंपिंगवर कचरा वेचायची. एक खाडा म्हणजे एक दिवसाचं पोट. धाकटी बहीण खोकायला लागली. टीबी निघाला. माय तिला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथे एक बाई बसलेल्या होत्या. नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या. सोशल वर्करबाई. त्यांनी मायला बसायला स्टूल दिलं, हेही सांगितलं पाहिजे, कारण त्या दवाखान्यात मायला बसायला सांगणारं ते एकच माणूस होतं. त्यांनी बरंच विचारलं. लिहून घेतलं. एक कागद दिला, पुढच्या खिडकीवर दाखवायला.

बहीण गेली. औषध महिनोन्महिने घ्यायचं होतं, तारखेला जायचं होतं. तारीख आणि हजेरी एकाच दिवशी आली की माय हजेरी निवडायची. घरात अजून तीन तोंडं होती.

तो कागद मायने पत्र्याच्या पेटीत ठेवला. रेशनकार्डाच्या, जातीच्या दाखल्याच्या सोबत. इंग्रजीत होता, आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हता. पुढे मी बी.ए. झालो, एका कॉलेजात एम.एस.डब्ल्यू.ला लागलो आणि दिवाळीत घरी पेटी साफ करताना तो हाती आला. वाचला. त्यात लिहिलं होतं की बाप दारुडा आहे, घरात स्वच्छतेचा अभाव आहे, आई सहकार्य करत नाही. धंद्याच्या रकान्यात फक्त 'मजूर'. गटार हा शब्द कुठे नव्हता. डंपिंग नव्हतं. जात नव्हती.

मला संताप आला म्हणता? नाही. मला घाम फुटला. कारण त्याच महिन्यात मी फील्डवर्कला एका वस्तीत जात होतो आणि माझ्या वहीत, माझ्या हाताने, एका मातंग कुटुंबाबद्दल मी अगदी तसंच लिहिलं होतं. बाप दारू पितो. आई सभांना येत नाही. कुटुंबात प्रेरणा कमी. आणि आमच्या सरांनी त्याच्याखाली 'चांगलं रेकॉर्डिंग' असा शेरा मारला होता. म्हणजे बघा, दोन वर्षांत त्यांनी माझ्या हाताला माझ्याच मायविरुद्ध लिहायला शिकवलं होतं. आणि मला मार्क मिळत होते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपल्यातले पुष्कळ जण पुणे करारापर्यंत येतात आणि तिथे थांबतात. करारानंतर आठवड्याभरातच काय झालं? गांधीजींच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली, तिचा पुढे हरिजन सेवक संघ झाला. ठक्करबाप्पा तिचे चिटणीस. १४ नोव्हेंबर १९३२ ला तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना 'व्हिक्टोरिया' बोटीवरून बाबासाहेबांनी ठक्करांना एक लांब पत्र लिहिलं. ते त्यांनी पुढे 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं' या १९४५ च्या इंग्रजी पुस्तकात छापलं. माझं म्हणणं असं, की सोशल वर्कच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी हे पत्र वाचलं पाहिजे.

पत्रात ते सांगतात ते थोडक्यात असं. अस्पृश्यांच्या उन्नतीकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेचे लोक म्हणतात, माणूस दुःखात आहे कारण त्याच्यात दुर्गुण आहेत. मग त्याला दारू सोडायला लावा, तालीम काढा, वाचनालय काढा, शाळा काढा, माणूस सुधारेल. दुसरी तऱ्हा म्हणते, माणसाचं नशीब त्याच्या भोवतालावर ठरतं, भोवताल बदला. बाबासाहेब दुसऱ्या तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेने चारदोन माणसं वर येतील, सगळा वर्ग येणार नाही. म्हणून ते संघाला कार्यक्रम देतात : गावोगाव विहिरी, शाळा, चावड्या, वाहनं यांवरचा हक्क मिळवायची मोहीम काढा. त्यातून मारामाऱ्या होतील हे ते लपवत नाहीत, पण त्याशिवाय हिंदू विचार करायला लागणार नाही असं बजावतात. नोकऱ्यांत समान संधी मिळवा. गिरण्यांत आमच्या माणसांना कापड खात्यात घेत नाहीत हे ते तिथे मांडतात. सवर्णांनी आपल्या घरात आमच्या माणसाला पाहुणा म्हणून, नोकर म्हणून घ्यावं म्हणतात. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं : हे काम करणार कोण? ज्यांचं प्रेम आहे तेच सेवा करू शकतात, टॉलस्टॉयचा हवाला देऊन ते हे सांगतात, आणि असं प्रेम अस्पृश्यांतल्याच कार्यकर्त्यांत जास्त सापडेल म्हणतात.

पत्राला उत्तर आलं नाही. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा द्या ही मागणी झाली तर सांगण्यात आलं, ही प्रायश्चित्त घेणाऱ्यांची संस्था आहे, ऋणकोंनी ऋण फेडायचं आहे, धनकोंचं तिथे काय काम! म्हणजे केस तुम्ही, केसवर्कर आम्ही. खुर्ची आमची, स्टूल तुमचं. माझ्या मायला मिळालेलं स्टूल कुठून आलं ते आता ध्यानात घ्या.

हे पत्र लिहिल्यावर चार वर्षांनी, १९३६ ला, नागपाड्यात देशातली सोशल वर्कची पहिली शाळा उघडली. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी, टाटांच्या ट्रस्टचा पैसा, नागपाडा नेबरहुड हाऊसची जागा. तीच १९४४ ला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाली आणि १९५४ ला देवनारला आली. आणि १९३६ मध्ये बाबासाहेब काय करत होते? मे महिन्यात 'जातिनिर्मूलन'चं ते न होऊ दिलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं. मे अखेरीस मुंबईत महार परिषद घेऊन धर्मांतराची दिशा सांगितली. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. एकाच शहरात, एकाच वर्षात, दोन शाळा सुरू झाल्या असं मी म्हणतो. एकीत पदवी मिळते. दुसरीत आपण बसलोय. या दोघींची ओळख व्हायला किती दशकं लागली हाच आजचा विषय आहे, आणि गोरे त्यात मधे येतात.

गोरेंच्या बाजूने पहिली गोष्ट. हा माणूस अमेरिकेत शिकून आला, पण अमेरिकेचा सोशल वर्क इथे जसाच्या तसा चालणार नाही हे त्याने ओळखलं. तिकडे समाज ठीक आहे असं गृहीत धरायचं आणि न जमणाऱ्या माणसाला त्याच्याशी जमवून घ्यायला शिकवायचं. म्हणून एकेका माणसाची 'केस'. गोरेंनी १९६५ साली सोशल वर्क आणि त्याच्या शिक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि इथला प्रश्न गरिबीचा आहे, लाखो लोकांचा आहे, इथे समाजाच्या बदलाचं, विकासाचं काम पाहिजे, अशी बाजू मांडली. ही बाबासाहेबांच्या दुसऱ्या तऱ्हेच्या जवळची गोष्ट आहे. पूर्ण तीच नाही. विकास म्हणताना सरकार गृहीत असतं, आणि हक्क म्हणताना सरकार समोर असतं. एवढा फरक आहे. तरी वर्गात केस, केस शिकवणाऱ्यांच्या मधे उभं राहून एवढं म्हणणंही सोपं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या विरुद्ध. त्यांचा डॉक्टरेटचा अभ्यास दिल्लीकडच्या अगरवाल कुटुंबांवर. शहर आणि कारखानदारी आली की एकत्र कुटुंबाचं काय होतं, हा प्रश्न. अभ्यास नामांकित आहे, आजही लोक वाचतात. मी एवढंच विचारतो की शहराने बनियाच्या वाड्याचं काय केलं हे आपल्याला कळलं, पण शहराने गावकुसाबाहेरच्या झोपडीचं काय केलं? बाप गटारात, माय डंपिंगवर, आजी गावाला, पोरगं बालगृहात. हेही एकत्र कुटुंबच होतं ना? त्याच्यावर तेव्हा कोण डॉक्टर झाला? गोरेंच्याच संस्थेतल्या सुमा चिटणीस यांनी पुढे देशभरातल्या अनुसूचित जातींच्या हायस्कूल-कॉलेजच्या पोरांचा अभ्यास मांडला, १९८१ ला पुस्तक आलं. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच असा की अजून पल्ला लांब आहे. काम सुरू झालं होतं. उशिरा झालं होतं.

तिसरी गोष्ट नीट ऐका. ही आपल्या हाडाशी लागलेली आहे.

१९७१ ला केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर एक समिती नेमली. अध्यक्ष प्रा. मा. स. गोरे. १९७३ ला अहवाल दिला. म्हणजे सोशल वर्कच्या मास्तराला सरकार विचारतं की पोलीस कसा घडवायचा. आणि मास्तर सांगतो, नुसती कवायत आणि कलमं पुरत नाहीत, पोलिसाला समाज कळला पाहिजे, माणसाचं वागणं कळलं पाहिजे, त्याच्या मनाचा कल बदलला पाहिजे. आजही पोलीस सुधारणेची यादी निघाली की 'गोरे समिती' हे नाव त्यात असतं.

अहवाल १९७३ चा. १९७४ च्या जानेवारीत वरळी झाली. ५ जानेवारीला बीडीडी चाळींच्या मैदानात पँथरची सभा. दगडं आली, मग लाठ्या आल्या, मग गोळ्या. ज्या चाळींत आपली माणसं राहत होती त्याच चाळींच्या वस्तीत पोलिसांचीही बिऱ्हाडं होती. रमेश देवरुखकर गेला. १० जानेवारीच्या मोर्चात वरून दगड टाकून भागवत जाधवला मारलं. कित्येक दिवस वरळी, नायगाव पेटत राहिलं. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. म्हणजे पुन्हा एक अहवाल.

आता मी असं म्हणणार नाही की गोरेंनी काय उपयोगाचं लिहिलं. त्यांनी लिहिलं ते खरं होतं. पण शहाणपण अहवालात राहिलं आणि काठी रस्त्यावर. पुढे ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. गोरे समितीच्या अहवालाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. समितीच्या कागदावर 'संवेदनशीलता' लिहून पोलिसाच्या मनातली जात जात नाही, कारण ती जात त्याला प्रशिक्षण केंद्रात मिळालेली नसते. ती घरातून आलेली असते, गावातून आलेली असते. तिला घालवायला समोरच्या माणसाचा धाक लागतो, हक्काचा धाक. तो समिती देऊ शकत नाही. तो संघटना देते.

पण दोस्तांनो, इथे थांबलो तर मी अर्धंच खरं बोललो. १९८४ ला मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टिसने बायका-मुलांसाठी 'स्पेशल सेल' उघडला. पोलिसाच्या छताखाली, पण पोलीस नसलेला सोशल वर्कर. गोरे तेव्हा टिसच्या संचालकपदावरून निवृत्त झाले होते, पण पोलीस हा समाजकार्याचा विषय आहे ही वाट त्या काळातच पडलेली. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या आपल्या वस्तीतल्या किती बायका त्या सेलमध्ये गेल्यात, तुम्हालाच विचारा. मी स्वतः दोघींना घेऊन गेलोय. चौकीत ज्यांना हाकललं होतं त्यांची तक्रार तिथे ऐकून घेतली. मोर्चा त्या रात्री काय करणार होता? मोर्चा सकाळी निघतो, मार रात्री पडतो. हे आपण पुरुष कार्यकर्त्यांनी मान्य केलं पाहिजे.

मग आणीबाणी. १७ मे १९७६. ट्रॉम्बेची जनता कॉलनी पोलीस लावून उठवली, अणुसंशोधन केंद्राला जागा पाहिजे म्हणून. हजारो कुटुंबं एका फटक्यात चीता कॅम्पच्या चिखलात. तुमच्यातल्या काहींचे आजे त्यात होते. देवनारच्या संस्थेपासून हे सगळं काही मैलांवर. मी विचार करतो, त्या आठवड्यात त्या वर्गांत कोणता धडा चालू असेल? मी कुणावर आरोप करत नाही. तेव्हा सगळ्या देशाची वाचा बसली होती. पण शिकवणारा कितीही भला असो, संस्थेला पैसा सरकारचा आणि शेटजींचा असला की दाराशी बुलडोझर आला तरी खिडकी बंद करायची सवय लागते. ही सवय आजही आहे. आता पैसा कंपन्यांच्या सी.एस.आर.मधून येतो, एवढंच.

आता चौथी गोष्ट, आणि हिच्यासाठीच मी या माणसाचं नाव आदराने घेतो. संचालकपद सुटलं, कुलगुरूपद सुटलं. अशा वयात आपल्याकडे मोठी माणसं आत्मचरित्र लिहितात. गोरेंनी काय लिहिलं? १९८९ ला महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पुस्तक. १९९० ला विठ्ठल रामजी शिंदेंवर पुस्तक. १९९३ ला बाबासाहेबांच्या राजकीय-सामाजिक विचारावर जाडजूड ग्रंथ. तीन पुस्तकं, सगळी आपल्या अंगणातली. म्हणजे ज्या चळवळी त्यांच्या वर्गाबाहेरून घोषणा देत गेल्या, त्यांच्या मागे हा म्हातारा माणूस वही घेऊन निघाला.

बाबासाहेबांवरच्या ग्रंथात ते मूर्ती उभी करत नाहीत आणि मूर्ती फोडतही नाहीत. ते विचारतात, हा विचार कुठल्या मातीत उगवला? कुठल्या समाजाने, कुठल्या अपमानाने, कुठल्या राजकारणाने त्याला असा आकार दिला? लक्षात घ्या, हा तोच 'भोवताल' आहे. माणसाला त्याच्या भोवतालातून समजून घ्यायचं, हे बाबासाहेबांनी १९३२ ला ठक्करांना सांगितलं, आणि सोशल वर्कच्या या मास्तराने साठ वर्षांनी तीच रीत बाबासाहेबांनाच लावली. कुणाला हे आवडणार नाही. आपल्यातही काही जण म्हणतील, बाबासाहेबांचा 'संदर्भ' कसला शोधता? मी म्हणतो, शोधू द्या. ज्याचा संदर्भ शोधत नाहीत त्याचा फोटो होतो, आणि फोटोला हार घालणं कुणालाही परवडतं. आज आपले शत्रूसुद्धा घालतात.

शिंद्यांचं पुस्तक का महत्त्वाचं? महर्षी शिंद्यांनी १९०६ ला मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. मराठा घरातला माणूस, बायकामुलांसह, बहिणीसह अस्पृश्य वस्तीत राहिला. शाळा, वसतिगृहं काढली. त्याच्या स्वतःच्या लोकांनी त्याला टाकलं. आणि तरीही राजकीय हक्कांचा प्रश्न आला तेव्हा शिंदे एका बाजूला, बाबासाहेब दुसऱ्या बाजूला. प्रेम होतं, त्याग होता, तरी दुरावा आला. का? कारण सेवा करणाऱ्याला आपण कधीतरी सांगतो, बाबा, तुझे उपकार, पण आता आमचं आम्ही ठरवतो. तिथे खरी कसोटी लागते. गोरेंना हा प्रश्न म्हातारपणी कुरतडत असणार, असं मला वाटतं. नाहीतर सोशल वर्कच्या माणसाने शिंदे आणि आंबेडकर असे पाठोपाठ का घ्यावे?

मात्र एक हिशेब राहतोच. हे ग्रंथ इंग्रजीत. किंमत अशी की गोवंडीच्या पोराने दोन महिने वडापाव सोडावा. चाळीस वर्षं आपल्या लोकांमध्ये फिरून जे ज्ञान झालं ते आपल्या भाषेत परत आलं नाही. हे गोरेंचं एकट्याचं पाप नाही. पण आपलं काम त्यातून निघतं.

आता त्या पोराचा प्रश्न.

मित्रा, तू आत जाशील तेव्हा आधी तुला फीच्या खिडकीवर अडवतील. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हापासूनची. ती कुणाची मेहेरबानी नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसमध्येच अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृह आणि जेवणाची फी माफ राहावी म्हणून संप केला. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी, चारी ठिकाणी. वर्गाला कुलूप आणि दारात पोरं. समाजबदल शिकवणाऱ्या संस्थेत समाजातून आलेल्या पोराला जेवणाच्या पैशासाठी बसावं लागतं! पण मी त्याकडे असंही बघतो, की नागपाड्याच्या शाळेच्या दारात शेवटी बाबासाहेबांची शाळा येऊन बसली. त्याच संस्थेत आज दलित आणि आदिवासी अभ्यास हा सोशल वर्कचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तो कुणी ताटात वाढला नाही.

म्हणून जा. चळवळीतले म्हणतात संपशील, तर त्यांना सांग, मी संपेन की नाही हे तुम्ही मला भेटत राहता की नाही यावर आहे. माणूस एनजीओत जाऊन संपत नाही, एकटा पडून संपतो. मी जवळजवळ संपलो होतो. मला त्या पेटीतल्या कागदाने वाचवलं.

मी काय केलं ते सांगतो. सुट्टी संपल्यावर त्या मातंग कुटुंबाकडे परत गेलो. वही घेऊन नाही गेलो. बाप काय काम करतो ते विचारलं नव्हतं, ते विचारलं. तो मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीवर होता. आई सभेला का येत नाही? सभा दुपारी तीनला, आणि ती तीनला चार घरची भांडी घासत होती. आम्हीच तीनची वेळ ठरवली होती, कारण आम्हाला पाचची लोकल पकडायची होती! मी जुनं रेकॉर्डिंग फाडलं नाही. त्याच्याखाली नवीन लिहिलं आणि दोन्ही सरांपुढे ठेवलं. सर बराच वेळ बघत राहिले. मार्क कमी झाले. पण सभा रात्री नऊला ठेवली आणि ती बाई आली, आणि पहिल्यांदा बोलली ती नळाबद्दल.

सोशल वर्कची पदवी घेऊन तुला एवढंच करायचंय. धंद्याच्या रकान्यात 'मजूर' लिहू नकोस. गटार लिही. २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात तसं उतरवणं गुन्हा ठरलंय, तरी उतरवतात, तर कंत्राटदाराचं नाव लिही. जात लिही. 'सहकार्य करत नाही' लिहायच्या आधी हजेरीची वेळ लिही. आणि लिहिलेलं ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याला वाचून दाखव, मराठीत. त्याला पटलं नाही तर खोड.

गोरे सरांची आठवण अशी काढू या. त्यांनी शहाण्या माणसासारखं सांगितलं की माणूस नव्हे, भोवताल बघा. मग उतारवयात स्वतः आपल्या भोवतालाकडे चालत आले. उशिरा आले, पण आले. त्यांना जिथपर्यंत पोचता आलं तिथून पुढे जायला आपल्याला आयुष्य पुरं आहे, कारण आपण तिथेच जन्मलोय. अभ्यासवर्गाने १९३२ च्या त्या पत्राचं सोपं मराठी करून पुढच्या बैठकीत वाचावं, आणि गोरेंचा आंबेडकरांवरचा ग्रंथ वर्गणी काढून या विहाराच्या कपाटात आणावा. पहिली वर्गणी माझी, ही घ्या.

माझी माय अजून आहे. मागच्या वर्षी तिला तो कागद मराठीत वाचून दाखवला. 'सहकार्य करत नाही' हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'त्या बाईला म्हणावं, तारीख रविवारची दिली असती तर पोर जगली असती.'

रविवारची तारीख, मित्रांनो. रविवारी हजेरी नसते. एवढं त्या रजिस्टरात मावलं नाही. ते मावेल असं रजिस्टर आपल्याला करायचंय.

जयभीम.